तांडेलाची संमती

मेसेज गेला आणि मग मी फोटो बघितला. उलटं करायला हवं होतं, हे मला कुणी शिकवायला नको. पण सकाळपासून नोटिसा पाठवून पाठवून बोटं आपोआप चालत होती आणि डोळे बिचारे त्यांच्या मागून येत होते. नाव दादू तांडेल, बरोबर. वय बरोबर. पण वरच्या त्या इवल्याशा गोल चित्रात दादूकाकांचा रापलेला चेहरा नव्हता, त्यांची बायको सगुणाकाकी नव्हती, फुलं किंवा देवही नव्हता. झेंडूच्या माळा घातलेली एक बोट होती आणि तिच्यापुढे पांढऱ्या कपड्यांतला एक गलेलठ्ठ माणूस हात जोडून उभा होता. मी चित्र मोठं केलं. भिकूशेट! मिरकरवाड्याच्या बंदरात ज्याच्या बोटी आहेत आणि ज्याची एक बोट दादूकाका चालवतात, तो भिकूशेट. म्हणजे दादूकाकांचा म्हणून आमच्याकडे आलेला नंबर मालकाचा होता. मेसेजखाली दोन राखाडी खुणा उमटल्या होत्या. पोचला होता. खुणा निळ्या झाल्या की वाचला असं समजायचं. अजून झाल्या नव्हत्या. मी खुर्चीत बसले होते ती उभी राहिले, आणि उभं राहून करायचं काय हे न कळून परत बसले.

मेसेज मीच लिहिलेला. आणि चांगला लिहिलेला, हे तर जास्तच वाईट. आमचं दुकान चष्म्याचं. रत्नागिरीत मारुती मंदिरच्या पुढे, काचेचा दरवाजा, आत डोळे तपासायची खोली. मालक विनीत सर स्वतः तपासतात. बाकी सगळं, म्हणजे फ्रेम दाखवणं, बिल करणं, तक्रारी ऐकणं, कॉम्प्युटरात माहिती भरणं, हे माझ्याकडे. घाटावरच्या एका मोठ्या डोळ्यांच्या हॉस्पिटलला आमच्या गिऱ्हाइकांची माहिती हवी होती. कुणाला मोतीबिंदू आहे, कुणाची नजर उतरतेय, म्हणजे त्यांची माणसं फोन करून ऑपरेशन गळ्यात मारणार. बदल्यात आम्हाला तपासणीचं एक नवं मशीन. पूर्वीचे दिवस असते तर ही माहिती पेन ड्राइव्हवरून एका दुपारी घाट चढून गेली असती. पण आता नवा कायदा आलाय. लोकांची माहिती जाहिरातीसाठी दुसऱ्याला द्यायची तर आधी ज्याची त्याला नोटीस द्यायची, त्याच्या भाषेत, त्याला कळेल अशी. काय देणार, कुणाला देणार, कशासाठी देणार, नको असेल तर कसं सांगायचं, दिलेली संमती परत कशी घ्यायची, तक्रार कुठे करायची. मग त्याने होय म्हणायचं, आणि त्या होयची नोंद आपण जपून ठेवायची. विनीत सर म्हणाले, "करुणा, तुझं मराठी फर्स्ट क्लास. तूच लिही बाई, माझ्या डोक्याला ताप नको." सॉफ्टवेअरवाल्याने नमुना पाठवला होता. त्यात 'सदर वापरकर्ता याद्वारे अपरिवर्तनीयरीत्या' असं काय काय होतं. ते वाचून माणूस होय नाहीतर काय म्हणणार? मी तो नमुना फेकला. आमच्या गावच्या आजीबाईलाही कळेल असं लिहिलं. 'आमच्याकडे तुमच्या डोळ्यांची अशी माहिती आहे', आणि पुढे ज्याची त्याची माहिती कॉम्प्युटर आपोआप भरणार. सरांना दाखवलं. ते म्हणाले, "इतकं उघड?" मी म्हटलं, "सर, माणसाला कळायला नको का आपण काय विकतोय?" विकतोय म्हटल्यावर ते जरासे चपापले, पण हो म्हणाले. मला त्या दिवशी स्वतःचा किती अभिमान वाटला होता! आणि आता भिकूशेटच्या खिशातल्या फोनमध्ये माझ्या त्या सोप्या, स्वच्छ, कुणालाही कळेल अशा मराठीत लिहिलेलं होतं: श्री. दादू तांडेल, काचबिंदूची दाट शंका, दोन्ही बाजूंची नजर गेलेली, अंधारात फार कमी दिसते, मोठ्या डॉक्टरांकडे जावे.

तांडेल म्हणजे बोट हाकणारा. खलाशी जाळं ओढतात, मासे निवडतात, बर्फ भरतात. पण सुकाणू तांडेलाच्या हातात. मासे कुठे लागतील ते त्याने ओळखायचं, आणि काळोखात खडक कुठे, दुसऱ्याची बोट कुठे, बंदराचं तोंड कुठे, तेही त्यानेच. तांडेलाला दिसत नाही हे शेटला कळलं की त्याची तांडेलकी संपली. मग या वयात त्यांनी करायचं काय? जेटीवर बसून जाळी शिवायची? तेवढं तरी दिसायला हवं ना. तपासायला आले होते तेव्हा दादूकाका चष्म्यासाठी म्हणूनच आले होते. जवळचं दिसत नाही, फोनवरचे आकडे दिसत नाहीत, बस. समोरच्या फळ्यावरची अक्षरं त्यांनी खालच्या ओळीपर्यंत धाडधाड वाचली आणि माझ्याकडे बघून हसले, शाळेत पहिला नंबर आल्यासारखे. मग सरांनी डोळ्यांचा दाब बघायचं मशीन लावलं, आणि मग एक बोट त्यांच्या कानाच्या बाजूने हळूहळू पुढे आणलं. "दिसलं की सांगा." काका गप्प. बोट पुढे आलं. काका गप्प. बोट जवळजवळ नाकासमोर आलं तेव्हा म्हणाले, "हां, आता हाय." सगुणाकाकी दाराशी उभी होती. तिने पदर तोंडाला लावला. उठताना काकांची मांडी बाजूच्या स्टुलावर आदळली आणि त्यांनी स्टुलालाच शिवी हासडली. सरांनी समजावून सांगितलं, समोरचं दिसतंय म्हणून फसू नका, बाजूचं जातंय, गेलेलं परत येणार नाही, पण राहिलंय ते टिकवता येईल. काका म्हणाले, "बोट काय बाजूने चालवतात? समोर बघून चालवतात." आणि चष्म्याची फ्रेम निवडायला लागले. बाहेर काउंटरशी आल्यावर काकांनी माझ्या मनगटाला धरलं. त्यांचा हात खडबडीत आणि गार. म्हणाले, "बाय, हे आपल्यातच. शेटला कळला तर मना उद्या बोटीवर पाय ठेवायला देणार नाय." मी म्हटलं, "काका, आमच्याकडून कुणाला काही जात नाही." असं म्हटलं मी! तोंड वर करून!

नंबर विचारला तेव्हा काकी बोलली होती, हे मला आठवलं. तिने सांगितला, मी घातला. बोटीवरच्या माणसांचं हे असंच असतं. ते पाण्यात असतात तेव्हा त्यांचा फोन लागत नाही, भिजतो, हरवतो, समुद्रात पडतो. मग कुठेही नंबर मागितला की ते शेटचा देतात. गॅसवाल्याकडे शेटचा, बँकेत शेटचा, पोराच्या शाळेत शेटचा. निरोप आला की शेटचा माणूस जेटीवर येऊन बोंब मारतो, अमक्याची टाकी आलीय, तमक्याच्या मुलीला ताप आलाय. सगळ्या बंदराला कळतं आणि कुणालाच त्याचं काही वाटत नाही. मला हे माहीत होतं. रत्नागिरीत इतकी वर्षं काढून माहीत नसेल कसं? पण माहीत असलेली गोष्ट वेळेवर आठवेल तर ती मी कसली!

पुण्याच्या सॉफ्टवेअरवाल्याला फोन लावला. त्याने दोनदा कापला, तिसऱ्यांदा उचलला. मी म्हटलं, चुकून एका ठिकाणी गेलाय, मागे घ्यायचाय. तो म्हणाला, "मॅडम, असा परत येत नाही. आणि काढला तरी आपल्याकडे नोंद राहणार. नोंद राहिलीच पाहिजे, उद्या कुणी विचारलं की आम्ही नोटीस दिली होती, हे तुम्हाला दाखवावं लागेल." मी म्हटलं, अहो पण ती भलत्याच माणसाला गेलीय. तो म्हणाला, "नंबर गिऱ्हाइकानेच दिलाय ना? मग तुमच्या बाजूने ओके आहे." ओके! मी सरांच्या खोलीत गेले. ते कुणाच्या तरी पापण्या उलट्या करून बघत होते. त्यांनी ऐकलं, भिवया वर केल्या आणि म्हणाले, "भिकूशेट वाचतोय कशाला? त्याला दिवसाला शंभर मेसेज येत असतील. आणि करुणा, तू शांत हो. आपले कागद क्लीन आहेत." त्यांचा काही दोष नव्हता. खरंच क्लीन होते. मी परत काउंटरवर आले, खुणा बघितल्या. राखाडी. एका बाईला गॉगल हवा होता तो दाखवला. खुणा बघितल्या. राखाडी. बाई म्हणाली, "हा मला शोभतोय का?" मी म्हटलं, "शोभतोय," आणि तिने तो उलटा घातला होता.

दुसऱ्याच्या माहितीचं इतकं मनाला का लावून घेतेस, असं मला आमची आम्रपाली, माझी बहीण, नेहमी विचारते. तिला काय, ती मुंबईत. आम्ही केळशीकडचे. बाबा प्राथमिक शिक्षक, आमची वाडी गावाच्या शेवटाला, विहाराच्या भिंतीला लागून. मी रत्नागिरीत नोकरीला आले तेव्हा खोली शोधत होते. एका बाईंना मी फार आवडले. चहा दिला, खोली दाखवली, नळाला पाणी किती वाजता येतं तेही सांगितलं. मग सहज विचारल्यासारखं, "आडनाव काय म्हणालात?" मी सांगितलं. त्यांना त्यावरून नीट कळेना. "गाव?" सांगितलं. "त्यात वाडी कुठली?" मी वाडी सांगितली. कप माझ्या हातात होता, त्याच्याकडे त्यांनी एकदा बघितलं. "ह्यांना विचारून कळवते हं," म्हणाल्या. कळवलं नाहीच. त्याचं एक सोडा. पण मग मी दुसऱ्या आळीत गेले तर तिथल्या बाईंना माझी वाडी आधीच माहीत! तिसरीकडे दारातच, "नाही, खोली गेली." कुणी कुणाला सांगितलं, कसं सांगितलं, किती चवीने सांगितलं, कोण जाणे. मी पायी फिरत होते आणि माझी वाडी माझ्या पुढे धावत होती. तेव्हापासून मला कुणी कुणाबद्दल काही सांगायला लागलं की मानेवरून काहीतरी सरपटतं. म्हणून दुकानात माझ्या तोंडून कुणाचं काही बाहेर पडत नाही. कॉलेजातल्या मुलीचा एक डोळा काचेचा आहे हे तिच्या होणाऱ्या सासूला मी सांगितलं नाही, ती बाजूलाच उभी राहून गोड बोलून विचारत होती तरी. हा कायदा आला तेव्हा दुकानात एकटी मीच खूश होते. माणसाला विचारल्याशिवाय त्याचं काही पुढे जाता कामा नये. अरे, हे तर मला कधीपासून कुणीतरी लिहून द्यायला हवं होतं.

दुपारी जेवणाचा डबा उघडलाच नाही. सरांना म्हटलं, मी मिरकरवाड्याला जाऊन येते. ते म्हणाले, "जाऊन करणार काय?" हे मलाही माहीत नव्हतं. शेटच्या हातातून फोन हिसकावणार होते का? काकीला सावध करणार होते, असं मी स्वतःला सांगितलं. रिक्षात बसले आणि फोन मांडीवर उताणा ठेवला. रिक्षावाला आरशातून दोनदा माझ्याकडे बघून म्हणाला, "काय मॅडम, रिझल्ट हाय काय आज?" मी नुसती हसले. उतार लागला तसा समुद्राचा खारट वास यायला लागला, मग सुक्या मासळीचा, मग डिझेलचा. आणि त्या उतारावर, कुठलंही कारण नसताना, माझ्या मनात ते आलं. म्हणजे आलं नाही, ते होतंच तिथे, तपासणीच्या दिवसापासून होतं, मी त्याच्याकडे बघत नव्हते इतकंच. दादूकाका एकटे जातात का पाण्यात? त्यांच्याबरोबर माणसं असतात. नेपाळहून आलेले, कर्नाटकातून आलेले, आपल्या इथले दोघेतिघे. ते काळोखात बोटीच्या कडेला उभे राहून जाळं ओढतात, आणि त्यांना वाटतं की सुकाणूवरच्या माणसाला दिसतंय. दादूकाकांची माहिती हॉस्पिटलला द्यायला मी काकांची संमती मागितली. पण दादूकाकांच्या डोळ्यांवर आपला जीव टाकायला त्या माणसांची संमती कुणी मागितली? त्यांना नोटीस कुणी दिली? त्यांच्या भाषेत, त्यांना कळेल अशी? मग स्वतःचा रागच आला. म्हटलं, करुणे, तू मूग गिळून बसलीस त्याला तू तत्त्व म्हणत होतीस. आणि लगेच दुसरा विचार, की अशाच चांगल्या कारणाने त्या चहा देणाऱ्या बाईंनी माझी वाडी पुढे कळवली असेल. त्यांनाही वाटलं असेल, शेजारणीला सावध करतेय. त्यांच्यात आणि माझ्यात फरक कुठला? फरक होता. असणारच. पण त्या उतारावर तो मला सापडेना.

जेटीच्या अलीकडे रिक्षा थांबली तेव्हा फोन थरथरला. खुणा निळ्या झालेल्या. आणि खाली, मीच बनवलेल्या दोन बटणांपैकी हिरवं: 'होय, माझी संमती आहे.' मला काही कळेना. शेटने वाचलं? वाचून होय म्हटलं? वाचलं असतं तर होय कशाला म्हणाला असता, आधी दुकानात फोन केला असता, नाहीतर दादूकाकांना जेटीवर उभं करून दहा माणसांत झाडलं असतं. मी तिथेच उभी राहिले. बाजूने बर्फाची गाडी गेली, पाणी उडालं, कुणीतरी "ओ ताई, बाजू!" म्हणून ओरडलं. वाचलेलं नव्हतं. हिरवं दिसलं, दाबलं. सुटलो! कुणाला काही कळलेलं नव्हतं. दादूकाकांची लाज शाबूत, माझा शब्द शाबूत, सरांचे कागद क्लीन. हा आनंद मला किती वेळ पुरला म्हणता? समोरच्या मासळीच्या ढिगाशी बसलेल्या सगुणाकाकीने मान वर करून माझ्याकडे बघेपर्यंत.

काकी लिलावातून उरलेली मासळी निवडत होती. मला बघून तिने हात पाण्यात बुडवले आणि लुगड्याला पुसले. "काय गो बाय? चष्म्याचा काय ऱ्हायला?" मी तिला बाजूला घेतलं, जाळ्यांच्या ढिगाआड. एका दमात सगळं सांगितलं. नोटीस, नंबर, त्यात काय लिहिलं होतं ते. तिच्या तोंडावरचा रंग जाईल, ती मला शिव्या घालेल, कपाळ बडवून घेईल, याची मी तयारी ठेवली होती. ती फक्त जवळ आली आणि तिने विचारलं, "वाचलान त्याने?" आवाजात काहीतरी होतं, ती भीतीच आहे असं मला तेव्हा वाटलं. मी घाईघाईने म्हटलं, "नाही, काकी, नाही. न वाचताच होय दाबलंय. काही कळलं नाही त्याला. घाबरू नका." काकी खाली जाळ्यावर बसली. "नाय वाचलान," म्हणाली. मग डोळ्यांना पदर लावून रडायला लागली, आवाज न करता, खांदे हलवत. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, म्हटलं, आता कशाला रडता, सुटलो ना आपण? तिने माझा हात झटकला. "कोण सुटलाव? तू सुटलीस. मी त्या दिवशी मुद्दाम शेटचा नंबर दिला तुना. माझा फोन व्हता की कमरेला! म्हटलं कधीतरी दुकानातून एखादा मेसेज येईल, डोळं तपासा, डागतराकडं जावा, शेटच्या नजरंला पडल. माझ्या तोंडानं मी कशी सांगू गो? नवरा हाय माझा. मी सांगितला तर तो माझ्या हातचा पाणी पिणार नाय. रोज सांजचा तो बोटीत चढला की मी देवाकडं बघत नाय, मी त्या पोरांच्या तोंडाकडं बघतंय." तिने पदराने नाक पुसलं. "परवा बंदराच्या तोंडाला दुसऱ्याच्या बोटीला घासलान. म्हणतो त्याचीच चूक. पोरं पण म्हणाली, त्याचीच चूक. त्यांना काय ठावं?"

मला वाटतं, त्या क्षणी मी चिडले. काकीवर, कायद्यावर, शेटच्या त्या जाड अंगठ्यावर, जो न वाचता हिरवं दाबतो. इतकी खटपट! मी रात्र रात्र शब्द निवडले होते, हे कळेल का, ते टोचेल का. आणि एवढं करून एक माणूस वाचेना! वाचलं असतं तर घात होता म्हणून सकाळपासून माझा जीव टांगणीला होता, आणि आता न वाचल्याचाच घात झाला होता. काकी म्हणाली, "तू सांग गो बाय शेटला. तू शिकलेली. तुझा तो ऐकल." मी म्हटलं, "काकी, मी असं परस्पर सांगू शकत नाही. काकांनी मला सांगितलंय, आपल्यातच ठेव." ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या नजरेत राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "मग कोण सांगल?" आणि परत मासळीशी जाऊन बसली. हात चालायला लागले, बांगडे इकडे, बारीक तिकडे. तिला काम टाकून रडत बसायला वेळ नव्हता.

दादूकाकांची बोट जेटीलाच होती. डिझेल भरून झालं होतं, बर्फ चढत होता. मी जेटीच्या कडेने चालत गेले, चपला घसरत होत्या. काय बोलायचं ते जुळवत होते आणि जुळत नव्हतं. कायद्यात याला जागा होती का? असेल, जिवाला धोका असेल तर असं काहीतरी कुठेतरी असेल. पण मी कायदा विचारायला गेले नव्हते. मला त्या खोली नाकारणाऱ्या बायकांपेक्षा वेगळं व्हायचं होतं, आणि ते कसं ते आता चालता चालता मला एकाच रीतीने दिसत होतं. त्यांनी मला विचारलं नव्हतं. त्यांनी माझ्यामागे सांगितलं. दादूकाका सुकाणूशी उभे होते, नवा चष्मा कपाळावर चढवलेला. मी बोटीवर चढले आणि त्यांच्या उजव्या अंगाला, हाताच्या अंतरावर येऊन उभी राहिले. ते समोर बघत होते. मी थांबले. एक खलाशी माझ्याकडे बघून हसला, बर्फाचा खोका घेऊन पुढे गेला. काकांना मी दिसले नव्हते. दिवसाढवळ्या, हाताच्या अंतरावर. "काका," मी म्हटलं, आणि ते दचकले, सगळी मान वळवून त्यांनी मला शोधलं. "आरे! तू कशी बंदरावर? मासे हवेत काय?" मी म्हटलं, "मासे नको. तुमच्याशी बोलायचंय." आणि जे काही जुळवलं होतं ते सगळं विसरून मी माझ्या नोटिशीच्याच भाषेत बोलायला लागले, दुसरी भाषा सुचेचना. "काका, आमच्याकडे तुमच्या डोळ्यांची माहिती आहे. ती मला भिकूशेटना द्यायची आहे. तुमच्या बोटीवर माणसं आहेत म्हणून द्यायची आहे. तुमची संमती आहे का?"

खाली इंजिन धडधडत होतं, ते पायांना कळत होतं. त्यांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला, मग काढून हातात धरला. "सगुणा काय बोलली काय?" मी म्हटलं, "मी बोलतेय, काका." ते माझ्याकडे बघत राहिले, समोरून, जिथून त्यांना मी नीट दिसत होते. मला रडायला येत होतं आणि मी ते येऊ दिलं नाही, म्हटलं, तुझं रडणं बघून त्यांनी होय म्हणायला नको. "मी हां म्हटला तर तू सांगशील," ते म्हणाले. "हो." "आणि नाय म्हटला तर?" दुपारपासून, नाही, तपासणीच्या दिवसापासून मी हाच प्रश्न टाळत आले होते. "तरी सांगेन," मी म्हटलं. "पण तुम्हाला विचारल्याशिवाय सांगणार नव्हते." ते हसले, छान नाही, नाकातून. "मग विचारतंस कशाला?"

पुढच्या बाजूला दोर सोडायला वाकलेला खलाशी त्यांच्या इशाऱ्याची वाट बघत होता. काका त्याच्यावर ओरडले, "नको सोडू! बांध परत." त्याने चमकून वर बघितलं. "बांध म्हटला ना! इंजिन बंद कर." धडधड थांबली तशी जेटीवरची दोनचार माणसं वळून बघायला लागली. काका सुकाणू सोडून माझ्या बाजूला आले, बोटीच्या काठाशी थांबले. बोट आणि जेटी यांच्यामधलं काळं पाणी वरखाली होत होतं. "शेटकडं मीच बोलतो," ते म्हणाले. "तू नुसती संगती चल." मी जेटीच्या पायरीवर उतरून उभी राहिले. ते उतरेनात. एक पाय पुढे करत, परत मागे घेत. इतकी वर्षं ज्या काठावरून ते न बघता उडी मारत असतील, त्याच काठावर. मग त्यांनी हात पुढे केला, माझ्याकडे नाही, माझ्या थोडासा बाजूला, हवेत.

"धर गो," ते म्हणाले. "मना पायरी दिसत नाय."